छत्रीवाल्याच्या उड्या

"पुन्हा," आवटीदादा म्हणाले.

टीव्हीवरचा छत्रीवाला चौथ्या स्टेजच्या विहिरीत पडला होता. त्या रविवारी दुपारी तो किती वेळा तिथं पडला याची मोजदाद मी सोडून दिली होती. मी रीसेटचं बटण दाबून खेळ पहिल्या स्टेजपासून सुरू केला, कारण स्पीडरनमध्ये तसंच असतं. तिथं खेळ नुसता जिंकून भागत नाही, तो तर शेंबडं पोरही जिंकतं. तो सगळ्यांत कमी वेळात संपवायचा असतो, आणि मध्ये तुम्ही मेलात म्हणून घड्याळ काही थांबत नाही.

"दादा, ही उलटी उडी एकदा तुम्ही करून दाखवा ना," मी म्हटलं.

"व्हिडिओ आहे की."

"व्हिडिओ पाठ झालाय. मला समोर बघायचीय."

दादांनी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून चोळला. "अंगठा धरलाय गं. थंडीचा धरतो. तू कर."

"दादा, एप्रिल चालू आहे."

"मग उन्हाचा धरला असंल. कर, कर. पुन्हा."

मी खेळायला लागले, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

सांगलीत विश्रामबागेत आवटी मेडिकलच्या वरच्या खोलीत आमचं हे मंडळ भरायचं. दहा-बारा माणसं, एक जाडजूड जुना टीव्ही, टीव्ही-गेमचा एक डबा, खेळायचा वायरवाला रिमोट आणि डब्यात घालायची एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर जपानी अक्षरं होती, ती कुणालाच वाचता येत नव्हती. छत्री घेऊन पळणारा बुटका माणूस म्हणून लहानपणी सगळ्यांनी त्याला छत्रीवाला म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका मैत्रिणीबरोबर गंमत बघायला म्हणून गेले, मैत्रीण दोन रविवारांत कंटाळली आणि मी मात्र अडकले. सहा महिन्यांत मी बोर्डावर पाचवी आले होते.

बोर्ड म्हणजे भिंतीवरचा पांढरा फळा. त्यावर नावं आणि नावांपुढं वेळा. सगळ्यांत वर विद्याधर आवटी, म्हणजे आमचे दादाच. त्यांचं रेकॉर्ड सात वर्षांचं जुनं होतं, आणि दुसऱ्या नंबरचा निरंजन त्यांच्यापेक्षा चांगला मिनिटभर मागं होता. फळ्याच्या खाली दादांच्याच वळणदार अक्षरात मंडळाचा नियम लिहिलेला होता: एक खेळाडू, एक रिमोट, सलग व्हिडिओ, पडदा आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत. नियम मोडला तर नाव पुसायचं आणि त्या माणसानं पुन्हा जिना चढायचा नाही.

आमच्याकडं नवा आला की त्याला दादांचा व्हिडिओ देत. तो बघायचा, थांबवायचा, एकेक उडी घोटायची. मीही तेच केलं. तीन स्टेजपर्यंत सगळं सुतासारखं सरळ गेलं. चौथ्या स्टेजला ती उलटी उडी आली. विहिरीच्या काठावर उजवीकडं पळत असताना उडी मारायची आणि त्याच क्षणी डावीकडं वळायचं, की छत्रीवाला भिंतीला टेकून दुप्पट उंच जातो. डावा अंगठा दिशा देतो, उजवा उडी मारतो. पण दोन्ही अंगठे एकाच माणसाचे असल्यामुळं एक दुसऱ्याला ओढतो. एका हातानं डोकं थोपटायचं आणि दुसऱ्यानं पोट चोळायचं, तसला प्रकार. निरंजनला ती दहातून एकदा जमायची. दादांच्या व्हिडिओत ती दर वेळी जमली होती, आणि तीही अगदी सहज, शिळोप्याच्या गप्पा मारत मारल्यासारखी.

त्याच दुपारी निरंजन हातात फोन नाचवत जिना चढून आला. तो बँकेत होता, आणि मंडळात आलेला प्रत्येक व्हिडिओ तपासायचं काम त्याच्याकडं होतं. "दादा, आलं बोलावणं. जुन्या खेळांचा तो ऑनलाइन मेळा असतो बघा, तिथं छत्रीवाला घेतलाय. मेमध्ये. रेकॉर्डवाल्यानं थेट खेळायचं, जगभरचे लोक बघणार."

सगळ्यांनी दादांकडं बघितलं. दादा म्हणाले, "चारू खेळंल."

"मी?" रिमोट माझ्या हातातून सुटायचा बाकी होता.

"तूच. माझं काय आता. नव्या पोरांनी करावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण आमच्या घरात आनंद आधी तपासून घेतात. आई दूधवाल्याच्या समोर दुधात बोट बुडवून बघते. वडील एसटीत तिकीट तपासनीस होते, त्यांनी तर सख्ख्या मेहुण्यालाही दंड केला होता. कुणी उगीच चांगलं वागायला लागलं की आमच्या अंगावर काटा येतो. पाचव्या नंबरच्या पोरीला जगासमोर बसवायचं आणि पहिल्या नंबरवाल्यानं अंगठा चोळत मागं उभं राहायचं, यात काहीतरी पाणी मुरत होतं. घरी जाताना मला एक गोष्ट लक्षात आली आणि मी सायकल बाजूला घेऊन थांबले. सहा महिन्यांत मी आवटीदादांना एकदाही खेळताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर मी निरंजनला गाठलं.

"दादांना खेळताना तू बघितलंयस?"

"व्हिडिओत."

"समोर?"

निरंजन चहा ढवळत राहिला. "मी आलो तेव्हापासून त्यांचा अंगठा दुखतोय. पण चारू, दादांवर नको हं शंका घेऊस. त्यांच्याएवढा कडक माणूस नाही. भरतेश चौगुलेचं माहीत आहे ना?"

"कोण भरतेश?"

"दादांचा लंगोटीयार. एका गल्लीत वाढलेले. सहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचा व्हिडिओ आणला, दादांच्या वेळेच्या अगदी जवळचा. दादांनी दहा मिनिटं बघितला आणि म्हणाले, दोन व्हिडिओ जोडलेत. इथं उड्या उशिरा पडतायत, इथून पुढं एकदम बरोबर पडतायत, हा एक हात नव्हे. आणि खरंच जोडलेला निघाला. सगळ्यांसमोर नाव पुसलं. लंगोटीयाराचं. भरतेश एक शब्द बोलला नाही, चप्पल घालून गेला. आता जयसिंगपूरला चष्म्याचं दुकान आहे त्याचं."

निरंजनला वाटलं, हे ऐकून माझा संशय जाईल. तो दुप्पट झाला. पुसायला इतका तयार असलेला माणूस स्वतः काय झाकतोय, हे मला बघायचंच होतं.

मी घरी व्हिडिओ लावून बसले. या वेळी उड्या शिकायला नाही, चोर पकडायला. संगीत कुठं तुटतंय का ऐकलं, पडद्यावरचं घड्याळ उडी मारतंय का बघितलं. काहीच नाही. व्हिडिओ सलग होता. वडील मागून जाताना थांबले.

"काय शोधतीयस?"

"लबाडी."

"मग खेळाकडं काय बघतीस? तिकिटाकडं बघून लबाड सापडत नाही. खिशात जाणाऱ्या हाताकडं बघायचं."

ते सहज बोलून गेले. पण व्हिडिओच्या कोपऱ्यात काड्यापेटीएवढ्या चौकटीत हात दिसत होते, आणि सात वर्षांत ते कुणी नीट बघितलेच नव्हते, कारण सगळ्यांचं लक्ष छत्रीवाल्यावर. मी ती चौकट मोठी केली. कॅमेरा वरून लावलेला. रिमोट, दोन मनगटं, आणि खाली फरशी.

स्टेज संपली की थोडी उसंत मिळते, पडद्यावर गुण मोजले जातात. घामेजलेले अंगठे पुसायची वेळ ती. आम्ही सगळे काय करतो, तर रिमोट मांडीवर टाकतो किंवा एका हातात धरून दुसरा पुसतो. व्हिडिओत स्टेज संपली. डावा हात डावीकडं चौकटीबाहेर गेला. त्याच वेळी उजवा हात उजवीकडं चौकटीबाहेर गेला. आणि रिमोट फरशीच्या वर, हवेत, जिथल्या तिथं राहिला.

मी मागं घेऊन पुन्हा बघितलं. दुसरी स्टेज, तिसरी स्टेज. दर वेळी तेच. दोन्ही हात रिमोटवरून निघून जात होते आणि रिमोट पडत नव्हता. खालून त्याला आणखी कुणाचे तरी हात धरून होते. म्हणजे माणसं दोन होती. उलटी उडी सहज का जमत होती, तेही उमगलं. तिथं एका अंगठ्याला दुसरा ओढतच नव्हता.

मला राग आला. आपण सहा महिने जिवाचं रान करून जे शिकत होतो ते एका माणसाला धड करताच येत नव्हतं, आणि हे माहीत असलेला माणूस खुर्चीत बसून मला "पुन्हा" म्हणत होता. वर जगासमोर मलाच बसवत होता. मी पडले तर लोक म्हणतील, पोरगी कच्ची. रेकॉर्ड सुखरूप.

दादांना उघडं पाडायचं तर त्यांचा वैरी गाठावा, असा माझा सरळ हिशेब. मी एसटीनं जयसिंगपूरला गेले. भरतेश चौगुले काउंटरमागं एका चष्म्याची काडी घट्ट करत बसले होते. चाळिशीचे, शांत, स्वतः जाड भिंगांचा चष्मा लावलेले. मी आवटींचं नाव घेतल्यावर त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"बरा आहे का विद्या?"

"त्यांचं रेकॉर्ड खोटं आहे. तुम्हाला काढलं त्यांनी, तुम्हाला माहीत असेलच. बघा." मी फोन काउंटरवर ठेवला आणि व्हिडिओ लावला.

ते बघत राहिले. मी मात्र व्हिडिओ बघितला नाही, वडिलांचं ऐकून हात बघितले. भरतेशकाकांचा डावा अंगठा काउंटरच्या काचेवर हलत होता. छत्रीवाला पळाला की अंगठा उजवीकडं झुकायचा, वळला की डावीकडं. आवाज बंद होता, आणि त्यांची नजर पडद्यावरच होती. तरी अंगठा खेळाच्या मागं पडत नव्हता. केसभर पुढंच होता.

"डावा हात तुमचा आहे," मी म्हटलं.

अंगठा थांबला.

"रेकॉर्ड विद्याचं आहे," ते म्हणाले.

"काका, रिमोट हवेत राहतोय."

"नंबर काढायचा असला तर बस. नसला तर परतीची गाडी मिळंल आता."

"मी रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझं नाव घेऊ नको त्यात. मला काढलं ते बरोबरच केलं. मी व्हिडिओ जोडला होता. विद्यानं लबाडी पकडली, त्यात विद्याचं काय चुकलं?"

वैऱ्याकडं जावं आणि त्यानं वकिली करावी, असला अनुभव मला नवा होता. दोघं मिळून मला बनवतायत की काय, अशीही शंका आली. एसटीत मी तीच चघळत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेडिकलमध्ये गेले. दादा एका म्हातारबाबांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगत होते. ते गेल्यावर मी म्हटलं, "दादा, व्हिडिओत तुमचा रिमोट हवेत राहतो."

दादांनी गोळ्यांच्या पट्ट्या एकीवर एक नीट रचल्या. कसला रिमोट, असं त्यांनी विचारलं नाही. "जयसिंगपूरला गेली होतीस?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो." मग म्हणाले, "रविवारी ये."

संध्याकाळी मी मंडळाचं इंटरनेटवरचं पान उघडलं तर दादांचा व्हिडिओ तिथून गेलेला. पुरावा गायब. मनात म्हटलं, वा दादा. पण मीही तिकीट तपासनीसाची मुलगी. माझ्याकडं नक्कल होती, ती मी तीन ठिकाणी ठेवली आणि रविवारची वाट बघत राहिले.

रविवारी मी फोन मुठीत घेऊनच जिना चढले. सगळे जमले होते. दादा टीव्हीसमोर खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या डावीकडं, खुर्चीला खुर्ची लावून, एक खुर्ची रिकामी होती. निरंजन तिथं बसायला गेला, तर दादा म्हणाले, "तिथं नको." मग त्यांनी रिमोट उचलला. सात वर्षांत कुणी हे बघितलं नव्हतं.

त्यांनी डावा हात रिमोटखाली आधाराला घेतला, अंगठा मिटून. उजवा अंगठा बटणावर ठेवला आणि खेळ सुरू केला.

छत्रीवाला सुरुवातीच्या झाडाखाली उभा होता. तो तिथंच उभा राहिला. मग त्यानं जागच्या जागी एक छोटी उडी मारली.

"दादा, पळवा की," कुणीतरी हसून म्हणालं.

पुन्हा एक छोटी उडी. थोडा वेळ काहीच नाही. मग छत्री उघडून एक लांब उडी, आणि तो पुन्हा त्याच झाडाखाली उतरला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मला मात्र ती चाल ऐकूनच ओळखू आली. बटणाचा तो टकटक आवाज मी व्हिडिओत इतक्या वेळा ऐकला होता. पहिला खड्डा, पहिला काटेरी ओंडका, मग नदी. आवटीदादा पहिली स्टेज खेळत होते. नदी पडद्याच्या बाहेर कुठंतरी लांब होती, तिथवर छत्रीवाल्याला नेणारं कुणी नव्हतं, पण ती ओलांडायच्या वेळेला त्यानं उडी मारली. पुढच्या सगळ्या अडथळ्यांना त्यानं झाडाखालीच उड्या मारल्या. शेवटची लांब उडी तेवढी मला किंचित लवकर वाटली, आणि मी म्हटलं, लोकांसमोर घाबरले असतील. मग स्टेजची वेळ संपली आणि छत्रीवाला उभ्या जागी मेला.

"मला एवढंच येतं," दादा म्हणाले. "दुसरा रिमोट आमच्या कुत्र्यानं चावून टाकलेला. पाळीवरून भांडणं व्हायची. शेवटी आईनं सांगितलं, अर्धा अर्धा धरा नाहीतर डबा माळ्यावर टाकते. मग भरतेश पळवायचा, मी उडी मारायचो. तिसरीत होतो तेव्हापासून. रेकॉर्डही तसंच केलं. फळ्यावर एकाच्याच नावाला जागा, कॅसेट माझी, म्हणून नाव माझं लागलं. तेव्हा त्याला काही वाटलं नाही, आणि मला तर नाहीच नाही."

"मग त्यानं जोडलेला व्हिडिओ?" निरंजननं विचारलं.

"त्यालाही एकदा त्याचं नाव वर बघायचं होतं. उड्या त्याला येत नाहीत, म्हणून जोडला. मी तो पकडला. नियम वाचून दाखवला. एका वाक्यात तो माझं रेकॉर्ड पाडू शकला असता त्या दिवशी. बोलला नाही." दादांनी रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. "मी वाट बघत होतो तो बोलायची. मला स्वतःला बोलायचं धैर्य नव्हतं."

निरंजननं घसा खाकरला. "दादा, हे... नियमात बसत नाही."

"माहीत आहे. नियम मीच लिहिलाय."

ते उठले आणि रुमालानं स्वतःचं नाव पुसलं. वेळही पुसली. सात वर्षांची शाई ती, सहज निघेना, तर थुंकी लावून घासली. मग पुन्हा खुर्चीत जाऊन बसले, टीव्हीकडं तोंड करून. नियमाप्रमाणं त्यांनी आता जिना उतरायला हवा होता, पण खोली त्यांची, दुकान त्यांचं, आणि त्यांना जा म्हणायची छाती कुणाची नव्हती. माझ्या मुठीतला फोन मुठीतच राहिला. ज्या माणसाला उघडं पाडायला मी आले होते तो माझ्या आधी स्वतःच उघडा पडला होता, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. रडू येत होतं.

मी खाली उतरले आणि समोर आलेली जयसिंगपूरची गाडी पकडली.

भरतेशकाका दुकानातच होते. ऊन अजून उतरायचं होतं. मी धापा टाकत सगळं सांगितलं: रिकामी खुर्ची, झाडाखालच्या उड्या, पुसलेलं नाव. ते मान खाली घालून ऐकत होते. नाव पुसलं म्हटल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"उड्या बरोबर पडल्या का?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या. शेवटची लांब तेवढी जरा लवकर मारली."

"लवकर नव्हे." आता त्यांनी वर बघितलं. "तिथं तो नेहमीच घाई करतो. लहानपणापासून. मी अर्धं पाऊल आधीच पळवायचो, म्हणून ती बरोबर बसायची."

मग ते काउंटरखाली पायानंच चप्पल चाचपायला लागले. दारात एक गिऱ्हाईक आलं होतं. काका त्याला म्हणाले, "उद्या या," आणि शटर ओढायला बाहेर गेले.